न दिसणं आणि नसणं : एका पक्ष्याच्या शिरगणतीची गोष्ट



व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून दोघातिघांनी आम्हाला दारातच विचारलं, 'सर, तत्त्वज्ञान सोडून पक्ष्यांकडे कधी वळलात?' वळलो नाही. आम्ही पक्षितज्ज्ञ नाही, आणि तसा आव आज आणणारही नाही. पण 'आपल्याला जे कळतं ते नेमकं कसं कळतं' हा प्रश्न आम्ही चाळीसएक वर्षं वर्गात शिकवला. त्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला फारसं कुठे सापडलेलं नाही, म्हणून आजचा विषय.

सुरुवात दोन आकड्यांनी करू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सी आणि डेलावेअर या दोन राज्यांच्या मधोमध, डेलावेअरचा उपसागर आहे. २०२१ सालच्या मे महिन्यात तिथे रेड नॉट नावाच्या पक्ष्याची मोजणी झाली. एका दिवसात जास्तीत जास्त किती पक्षी दिसले? ६,८८०. त्याच महिन्यात, त्याच किनाऱ्यावर, दुसऱ्या पद्धतीने काढलेला अंदाज सांगत होता की तिथे येऊन गेलेले पक्षी ४० हजारांच्या वर आहेत. म्हणजे सहापट फरक. दोन्ही आकडे अनुभवी माणसांनी काढलेले, आणि कुणीही खोटं बोलत नव्हतं.

मग खरा आकडा कोणता? हा प्रश्न नुसता गमतीचा नाही. कोणत्या आकड्यावर विसंबायचं यावर मच्छीमारांची रोजीरोटी अवलंबून आहे, एका प्राचीन समुद्री जीवाच्या माद्या पकडायच्या की नाही हे ठरणार आहे, आणि कदाचित त्या पक्ष्याचं असणं-नसणंही.

पक्षी आणि त्याचं पंचांग

आधी पक्ष्याची ओळख करून घेऊ. यातल्या 'नॉट'चा अर्थ 'नाही' असा नव्हे. स्पेलिंग वेगळं आहे, उच्चार मात्र तोच, त्यामुळे आम्हालाही सुरुवातीला हसू आलं होतं. आपल्याकडे हिवाळ्यात खाडीकाठी जे टिलवे आणि तुतवार येतात, त्यांच्या भाऊबंदांपैकीच हा एक. मुठीत मावेल इतपत, वजन साधारण सव्वाशे-दीडशे ग्रॅम. हिवाळ्यात करडा दिसतो, विणीच्या दिवसांत छाती विटकरी-तांबूस होते. जगभर याच्या सहा उपजाती मानतात. आज आपण त्यांपैकी 'रुफा' या एकाच उपजातीबद्दल बोलणार आहोत.

रुफा पिल्लं काढतो कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात. त्यांच्यातला एक मोठा गट हिवाळा काढतो दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला, तिएरा देल फ्युगो इथे. अर्थात आपण ज्याला हिवाळा म्हणतो तो तिथला उन्हाळा. एका बाजूचं अंतर साधारण १५,००० किलोमीटर, आणि वर्षातून दोनदा ते कापायचं. एका पक्ष्याच्या पायाला प्रकाश नोंदणारं छोटं यंत्र बसवलं होतं. त्यातून कळलं की दक्षिण ब्राझीलपासून अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनापर्यंतचे ८,००० किलोमीटर त्याने सहा दिवसांत, कुठेही न थांबता पार केले. सहा दिवस अन्न नाही, पाणी नाही, झोपायला जमीन नाही.

एवढ्या उड्डाणासाठी हा पक्षी आपलं शरीरच बदलून घेतो. निघण्यापूर्वी अंगात चरबी साठवतो आणि पोटाचे, पचनाचे अवयव आक्रसून घेतो. विनाकारण ओझं कोण वाहील? एरवी तो शिंपल्या कवचासकट गिळतो आणि पोटातल्या स्नायूंनी दळतो. पण लांब उड्डाणानंतर डेलावेअरला उतरतो तेव्हा ते जातंच लहान झालेलं असतं. त्याला मऊ, पौष्टिक आणि भरपूर अन्न लागतं, आणि तेही ताबडतोब.

ते अन्न नेमकं तेव्हाच तिथे तयार असतं. घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक समुद्री जीव आहे. आपण त्याला नाल-खेकडा म्हणू, पण तो खेकडा नव्हे, त्याचं नातं कोळी आणि विंचवाशी जवळचं आहे. त्याच्या घराण्याचे जीवाश्म ४४ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे डायनोसोरच्याही कितीतरी आधीचे. आपल्याकडे ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर याच्या दोन जाती आढळतात. डेलावेअरचा उपसागर हे अमेरिकेतल्या नाल-खेकड्यांचं जगातलं सगळ्यात मोठं वीणस्थान. मे-जून महिन्यांत पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला ते लाखोंनी वाळूवर येतात. मादी वाळूत खड्डा करून एका वेळी साधारण चार हजार अंडी घालते आणि एका हंगामात असं अनेकदा करते. लाटांनी, आणि नंतर येणाऱ्या माद्यांच्या खणण्याने, आधीची अंडी उघडी पडतात. पक्षी खातात ती ही उघडी पडलेली अंडी.

सव्वाशे ग्रॅमच्याही खाली उतरलेला पक्षी दोन आठवड्यांत १८० ग्रॅमच्या वर जातो. ही १८०ची रेघ लक्षात ठेवा. कारण पुढे उत्तरेत पोचल्यावर जमीन अजून गोठलेलीच असते आणि किडे निघालेले नसतात. शिदोरी सोबत असेल तोच तगतो आणि त्याचीच वीण होते.

मोजायचं कुठे?

आता मोजायला निघू. साधा माणूस म्हणेल, पक्षी घरटी करतो तिथे जाऊन मोजा. पण तो ध्रुवीय प्रदेश अफाट आहे, घरटी मैलोगणती विखुरलेली, आणि अंड्यांवर बसलेला पक्षी दगडाधोंड्यांत असा मिसळतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. म्हणून शहाणपण असं की जिथे पसरतात तिथे नको, जिथे गोळा होतात तिथे मोजा. हा पक्षी वर्षातून दोनदा दाटीने गोळा होतो : जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिणेच्या टोकाला आणि मे महिन्यात डेलावेअरला.

दक्षिणेची मोजणी कॅनडाच्या वन्यजीव सेवेतल्या गाय मॉरिसन आणि केन रॉस या दोघांनी विमानातून केली. १९८२ ते १९८५ या काळात त्यांनी दक्षिण अमेरिकेचा किनारा पिंजून काढला. तिएरा देल फ्युगो आणि पॅटागोनिया मिळून त्यांना सुमारे ६७,५०० रेड नॉट दिसले. पुढे २००० साली याच भागात सुमारे ५१ हजार, २००५ साली साडेसतरा हजारांच्या आसपास, आणि २०११ साली दहा हजारांच्याही खाली.

इथे एक शंका यायलाच हवी. खाली उडणाऱ्या विमानातून, भेदरून उठलेला दहा हजारांचा थवा कुणी मोजू शकतं का? मोजू शकत नाही, अंदाज करतो. आधी नजरेने शंभर पक्ष्यांचा एक ठिपका ठरवायचा, मग असे किती ठिपके बसतात ते पाहायचं. चूक होणारच. आम्ही एकदा जानेवारीत ठाण्याच्या खाडीकाठी हौशी मंडळींबरोबर गेलो होतो. एकच थवा, आणि शेजारी शेजारी उभ्या असलेल्या तिघांचे आकडे होते ४००, ६५० आणि 'हजार तरी असतील'. हजार म्हणणारे अर्थात आम्हीच.

मग अशा आकड्यांना किंमत काय? तर असं बघा. वाण्याचा तराजू खोटा आहे आणि दर किलोमागे शंभर ग्रॅम मारतो. त्या तराजूवर तुमचं खरं वजन कळणार नाही. पण दर महिन्याला त्याच तराजूवर उभे राहिलात, तर तुम्ही वाळताय की सुटताय हे नक्की कळेल. संख्या आणि संख्येचा कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कल कळण्यासाठी आकडा अचूक असायलाच हवा असं नाही. चूक मात्र दरवेळी सारखी हवी. म्हणून तोच हंगाम, तोच किनारा, भरतीची तीच वेळ, तसंच विमान आणि शक्यतो तीच माणसं. मॉरिसन आणि रॉस यांनीच वर्षानुवर्षं ही मोजणी केली, म्हणून त्या आकड्यांना वजन आहे. तराजू बदलला की मागचे सगळे आकडे गप्प होतात.

योग्यानुपलब्धी

कल उतरता आहे हे ठरलं. पण त्यातून 'पक्षी मेले' असं ठरतं का? आमच्या शास्त्राचा संबंध इथे येतो.

आपल्या परंपरेत एक जुना वाद आहे. 'या जमिनीवर घट नाही' हे मला कळतं ते कशाने? डोळ्यांना जमीन दिसते. 'नसणं' तर दिसत नाही. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणाले, यासाठी वेगळं प्रमाण मानलं पाहिजे आणि त्याचं नाव अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. नैयायिकांनी वेगळं प्रमाण मानायला नकार दिला. तो वाद आज बाजूला ठेवू. पण एका अटीवर या सगळ्यांचं बऱ्यापैकी एकमत होतं, आणि ती अट महत्त्वाची आहे. नुसतं न आढळणं पुरेसं नाही. ते 'योग्य' न आढळणं हवं. म्हणजे 'इथे घट असता तर तो मला दिसलाच असता' असं ठामपणे म्हणता आलं पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घट नाही असं सिद्ध होत नाही. आधी दिवा लावा. धर्मकीर्तीसारखा बौद्ध तर्कवेत्ताही जवळपास हेच सांगतो : जे दिसण्याजोगं होतं ते दिसलं नाही, तरच त्याचा अभाव सिद्ध होतो.

आता हा नियम किनाऱ्यावर लावा. पॅटागोनियात पक्षी दिसले नाहीत. पण ते असते तर दिसले असते का? वारा होता का, ओहोटी होती का? की पक्षी शेजारच्या उपसागरात सरकले? पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना नेमकी हीच शंका छळत होती. म्हणून त्यांनी दिवा लावला, म्हणजे नेहमीच्या जागा सोडून आजूबाजूचा लांबलचक किनाराही विमानातून तपासला. हरवलेले हजारो पक्षी कुठेच सापडले नाहीत. उलट असं दिसलं की पॅटागोनियातल्या कडेच्या जागा आधी ओस पडल्या आणि उरलेले पक्षी चिलीच्या बाहिया लोमास या मुख्य जागेत एकवटत गेले. गाव उठताना वाड्यावस्त्या आधी ओस पडतात, गावठाण शेवटी, तसंच.

आजचे शास्त्रज्ञ यालाच 'आढळण्याची संभाव्यता' म्हणतात आणि ती आकड्यात मोजतात. शब्द नवा असला तरी अट तीच आहे.

कडी, झेंडी आणि पंगत

पक्षी कमी झाले. का झाले? मोजणीतून 'किती' कळतं, 'का' कळत नाही. त्यासाठी एकेका पक्ष्याला ओळखावं लागतं.

पक्षी जाळ्यात पकडून त्याच्या पायात कडी आणि एक छोटी प्लॅस्टिकची झेंडी घालतात. झेंडीचा रंग देश सांगतो : अर्जेंटिनाची नारिंगी, चिलीची लाल, ब्राझीलची निळी, अमेरिकेची हिरवी. वरची अक्षरं त्या पक्ष्याची ओळख सांगतात. मग दुर्बिणीतून कुणीही ती झेंडी वाचावी, तारीख लिहावी, जागा लिहावी. पक्ष्याला पुन्हा पकडायची गरज नाही.

यातला सगळ्यात प्रसिद्ध पक्षी म्हणजे 'बी ९५'. १९९५ साली अर्जेंटिनातल्या रिओ ग्रांदे इथे त्याला कडी घातली गेली आणि तेव्हाच तो प्रौढ होता. त्यानंतर १९ वर्षांनी, मे २०१४ मध्येही तो डेलावेअरला दिसला. दर वर्षाचे ३०,००० किलोमीटर धरले तर पृथ्वीपासून चंद्रापर्यंत जाऊन परतीचीही निम्म्याहून अधिक वाट त्याने कापली. म्हणून त्याला 'चंद्रपक्षी' म्हणू लागले.

पण चंद्रपक्ष्याच्या कौतुकात एक गोष्ट निसटते. तो प्रसिद्ध झाला, कारण त्याचे सोबती उरले नव्हते. ॲलन बेकर आणि अर्जेंटिनाच्या पॅट्रिशिया गोन्झालेझ यांच्यासह अनेक देशांतल्या संशोधकांनी झेंड्यांच्या नोंदींवरून हिशेब मांडला आणि तो २००४ साली प्रसिद्ध केला. १९९४ ते १९९८ या काळात प्रौढ पक्षी एका वर्षातून पुढच्या वर्षी जिवंत पोचण्याचं प्रमाण सरासरी ८५ टक्के होतं. पुढच्या तीन वर्षांत, २००१ पर्यंत, ते ५६ टक्क्यांवर आलं.

८५ आणि ५६ ऐकायला फार लांब वाटत नाहीत. पण चक्रवाढ लावून बघा. ८५ टक्क्यांनी शंभरातले वीसएक पक्षी दहा वर्षांनी उरतात. ५६ टक्क्यांनी दहा वर्षांनी हजारातले तीन.

आणि याच काळात डेलावेअरला दिसत होतं की पूर्वीच्या मानाने खूपच कमी पक्षी १८० ग्रॅमची रेघ ओलांडून उत्तरेला निघतायत. शिदोरी का कमी पडली? १९९०च्या दशकात वाम आणि समुद्री गोगलगायी पकडण्यासाठी आमिष म्हणून नाल-खेकड्यांची प्रचंड पकड सुरू झाली होती. दशकाच्या शेवटी ती वर्षाला वीस लाखांच्या घरात गेली होती. अंडी पोटात असलेल्या माद्या आमिष म्हणून सगळ्यात चांगल्या, म्हणून त्यांना मागणी जास्त. धूर दिसला, अग्नीही सापडला. व्याप्ती पक्की आहे का, यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण एकाच वेळी तीन वेगळ्या वाटांनी, म्हणजे विमानातून, तराजूतून आणि झेंड्यांतून, एकच गोष्ट कळत असेल तर शंकेलाही थोडं नमतं घ्यावं लागतं.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. ६,८८० खरे की ४० हजार?

लग्नाची पंगत आठवा. कार्यालयात एका वेळी तीनशे पानं मांडलेली आहेत. कुणी दाराशी उभं राहून मोजलं तर सगळ्यात मोठी पंगत तीनशेची. मग जेवून किती गेले? तीनशे नव्हेत, पंगती पाच उठल्या असतील तर दीड हजार. डेलावेअरला पक्षी एकदम येत नाहीत आणि एकदम जातही नाहीत. ६,८८० ही सगळ्यात मोठी पंगत होती. ४० हजार हा जेवून गेलेल्यांचा अंदाज. दोन्ही आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

पण पंगती किती उठल्या हे दाराशी उभ्या असलेल्याला कसं कळणार? एक पाहुणा किती वेळ बसतो ते कळलं तरच. समजण्यापुरते आकडे घ्या. वीस दिवस रोज मोजलं आणि सगळ्या दिवसांची बेरीज आली १,२०,०००. एक पक्षी सरासरी दहा दिवस थांबत असेल तर एकूण पक्षी १२ हजार. चारच दिवस थांबत असेल तर ३० हजार. किनाऱ्यावर दिसणारं दृश्य तेच, संख्या अडीचपट. आणि किती दिवस थांबतो हे सांगते झेंडी : हा पक्षी १२ तारखेला दिसला, १६ला दिसला, २१ला दिसला, नंतर नाही. थव्यात झेंडीवाले किती आणि बिनझेंडीचे किती हेही मोजतात. पातेल्यातल्या पांढऱ्या वाटाण्यांत शंभर रंगवलेले वाटाणे मिसळा आणि मग शंभर वाटाण्यांची एक मूठ काढा. मुठीत दहा रंगीत आले तर पातेल्यात साधारण हजार वाटाणे आहेत. या तत्त्वावर गणित मांडून २०११ पासून दर वर्षी जो अंदाज काढतात, तो बहुतेक वर्षी ४० ते ५० हजारांच्या घरात राहिला आहे.

म्हणजे सगळं ठीक आहे? थांबा. गणिताच्या पोटात काय काय गृहीत आहे ते बघितलं पाहिजे. एक, झेंडी नीट वाचली गेली. चुकून 'एच' ऐवजी 'एन' वाचलं तर जो पक्षी तिथे नाहीच तो वहीत जिवंत होतो. दोन, डेलावेअरला येणारे सगळे तिएरा देल फ्युगोचे नसतात. उत्तर ब्राझीलमध्ये आणि फ्लोरिडात हिवाळा काढणारेही याच पंगतीला बसतात. लांबचे पाहुणे घटले आणि जवळचे टिकले तर एकूण आकडा फारसा हलणारही नाही आणि लांबच्यांचं दुःख त्यात झाकलं जाईल. तीन, पंगत सहा हजारांची आणि जेवून गेलेले ४० हजार, हे दोन्ही खरं असेल तर पाहुणे फारच घाईत उठतायत किंवा फारच विखरून येतायत. का? पोट लवकर भरलं म्हणून, की पानात काही वाढलंच नाही म्हणून? आकड्याला ते सांगता येत नाही. त्यासाठी पुन्हा तराजूकडे जावं लागतं : मे महिनाअखेर किती पक्षी १८०च्या वर होते?

आणि चार, 'स्थिर' या शब्दाची गंमत. ज्या किनाऱ्यावर १९८०च्या दशकात एकाच दिवशी नव्वद हजारांहून अधिक पक्षी मोजले गेले, तिथे आज अख्ख्या हंगामाचा अंदाज त्याच्या निम्म्यावर स्थिर आहे. ताप १०४ वर स्थिर आहे असं डॉक्टर म्हणाले तर आपण पेढे वाटत नाही.

चुकायचंच असेल तर कुठल्या बाजूने?

या आकड्यांवर निर्णय घ्यायचा असतो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मत्स्य आयोगाला. त्यांनी १९९८ साली नाल-खेकड्यांसाठी योजना आणली. न्यू जर्सी राज्याने २००८ साली आमिषासाठीची पकड बंद केली. २०१३ पासून आयोगाने पक्षी आणि खेकडे यांची सांगड घालणारी गणिती पद्धत वापरून डेलावेअरच्या माद्यांच्या पकडीची मर्यादा शून्यावर ठेवली. २०१५ च्या जानेवारीपासून रुफाला अमेरिकेच्या कायद्याने 'संकटग्रस्त' म्हणून संरक्षण आहे. मग २०२२ साली सुधारित गणित आलं. ते म्हणत होतं की थोड्या माद्या पकडल्या तर पक्ष्यांना धोका नाही. लोकांकडून तीस हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या. आयोगाने नवी पद्धत स्वीकारली, पण पुढच्या वर्षासाठी माद्यांची पकड मात्र शून्यच ठेवली.

काही जणांना हे विसंगत वाटलं. गणित स्वीकारता आणि त्याचं उत्तर नाकारता? आम्हाला ते तितकं विसंगत वाटत नाही. ज्ञान अपुरं असतं तेव्हा दोन प्रकारे चुकता येतं. धोका नसताना घाबरलो, तर काही मच्छीमारांना दुसरं आमिष शोधावं लागेल. नुकसान खरं आहे, आणि ते सोसणारी माणसंही खरी आहेत, त्यांना हसण्यावारी नेऊ नये. पण ती चूक पुढच्या वर्षी दुरुस्त करता येते. धोका असताना निश्चिंत राहिलो तर? नाल-खेकड्याची मादी वयात यायला नऊ-दहा वर्षं घेते. आज पकडलेल्या मादीची उणीव किनाऱ्यावर दहा वर्षांनी दिसेल, आणि मोजणीत कल पक्का व्हायला आणखी काही वर्षं. तोपर्यंत जे मोजायचं तेच उरलं नसेल. दोन चुका सारख्या नाहीत. म्हणून 'पुरावा कुणी द्यायचा' हा प्रश्न गणिताचा नाही, तो नीतीचा आहे. आणि तो नीतीचा आहे हे कबूल न करता गणितामागे लपणं, हे आम्हाला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

आपल्या खाडीकाठी

रेड नॉट आपल्याकडे क्वचितच दिसतो. पण त्याचे चुलतभाऊ, छोटा टिलवा किंवा बाकदार चोचीचा कर्ल्यू सँडपायपर, सैबेरियाच्या ध्रुवीय प्रदेशात वीण करून दर हिवाळ्यात उरण, ठाणे, शिवडीच्या चिखलात येतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली १९६०च्या दशकात हजारो पक्ष्यांना कड्या घातल्या, आणि ते काम पुढेही चालू राहिलं. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती प्रामुख्याने हौशी लोकांच्या जिवावर चालते. तुमच्यापैकी कुणीही तिच्यात भाग घेऊ शकतं.

घेतलात तर एवढं करा. त्याच जागी, भरतीच्या त्याच सुमाराला जा. किती वेळ थांबलात ते लिहा. आणि पक्षी दिसला नाही तर वही कोरी ठेवू नका, शून्य लिहा. कोरं पान म्हणजे अंधारी खोली. 'अडीच तास होतो, ऊन स्वच्छ होतं, भरती पुरती होती, शून्य' हे मात्र दिवा लावून पाहिलेलं शून्य. चाळीस वर्षांनी कुणाला कल काढायचा असेल तर त्याला हे शून्य शेकड्यांइतकंच उपयोगी पडेल.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, 'आता प्रत्येक पक्ष्यावर ट्रान्समीटर लावता येतो. मग ही दुर्बिणीची मोजणी कशाला?')

चांगला प्रश्न आहे. ट्रान्समीटर एका पक्ष्याची वाट सांगतो, आणि ती फार मोलाची आहे. आठ हजार किलोमीटरचं उड्डाणही पायाला बसवलेल्या छोट्या यंत्रातूनच कळलं. पण एका वारकऱ्याच्या खिशात फोन ठेवलात तर वारीचा मार्ग कळेल, वारीत माणसं किती ते नाही कळणार. त्यासाठी कुणीतरी वाटेवर उभं राहून मोजावं लागतं, आणि दर वर्षी मोजावं लागतं. मॉरिसन आणि रॉस १९८२ साली विमानात बसले तेव्हा हा पक्षी संकटात आहे असं कुणी म्हणत नव्हतं. त्यांनी तेव्हा मोजून ठेवलं, म्हणून पुढे काय गेलं ते आपल्याला कळलं.

वेळ संपली आहे.